डब्यावर नाव एक, कारखाना दुसराच: मग फोन नेमका कोणाचा?

सांगलीत विश्रामबागेत माझ्या मित्राचं मोबाइलचं दुकान आहे. संध्याकाळी तिथं चहाला टेकलं की गावाची खबर कळते. मागच्या आठवड्यात मार्केट यार्डातले एक हळदीचे अडते आले. आम्ही सगळे त्यांना अण्णाच म्हणतो. वय सहासष्ट, वरच्या खिशात दोन चष्मे. मित्रानं नवा फोन पुढं ठेवला. अण्णांनी फोनकडं बघितलंसुद्धा नाही. डबा उलटा केला, दुसरा चष्मा लावला आणि मुंगीएवढी अक्षरं वाचायला लागले. वर ठळक अक्षरात ओळखीचं नाव, खाली 'निर्माता' म्हणून नोएडातली भलतीच कुठलीतरी कंपनी.

त्यांनी डबा काउंटरवरून परत सरकवला. "एकदा झालंय हे. ब्लॅकबेरीच्या टायमाला. नाव एकाचं, माल दुसऱ्याचा. नको."

अण्णा त्या वेळचे पक्के ब्लॅकबेरीवाले. २०११ साली आलेला बोल्ड ९९००, खाली बटणं, बटणांच्या दोन ओळींमध्ये धातूची बारीक पट्टी. सौद्याच्या गर्दीत उभ्या उभ्या, फोनकडं न बघता, रोमन लिपीत मराठी भाव टाइप करून ते मुंबईच्या व्यापाऱ्याला पाठवायचे. २८ सप्टेंबर २०१६ ला ब्लॅकबेरीनं जाहीर केलं की यापुढं फोनचं हार्डवेअर आम्ही स्वतः विकसित करणार नाही, ते काम भागीदारांकडून करून घेऊ. जगभरच्या निष्ठावान गिऱ्हाइकांना ते घरातलं माणूस गेल्यासारखं लागलं. अण्णांनी तर बोल्डच्या दोन जादा बॅटऱ्या आणून तिजोरीत ठेवल्या होत्या.

त्यांचा राग मला कळतो. फक्त तो चुकीच्या जागी आहे असं माझं मत आहे.

बोल्डचं झाकण काढून बघू

आउटसोर्सिंग म्हणजे आपलं काम पैसे देऊन बाहेरच्याकडून करून घेणं. हार्डवेअर म्हणजे फोनचा हाताला लागणारा सगळा भाग: काच, चिप, बॅटरी, बटणं. एवढे दोन शब्द पुरे.

अण्णांचा बोल्ड अजून त्यांच्या गल्ल्यात असतो. मित्रानं तो मागून घेतला, मागचं झाकण सरकवलं, बॅटरी नखानं उचकटली. खाली पांढरी चिठ्ठी, कडा पिवळ्या पडलेल्या. त्यावर लिहिलेलं: मेक्सिकोत बनवलेला. ब्लॅकबेरी कंपनी कॅनडाची, ऑन्टॅरिओतल्या वॉटर्लूची.

"मग?" अण्णा म्हणाले.

मग असं, की चांगल्या दिवसांतही ब्लॅकबेरीचे बरेचसे फोन बाहेरच्या कंत्राटी कारखान्यांत जुळवले जात होते. सेलेस्टिका नावाची कंपनी तिच्यासाठी २०१२ पर्यंत फोन बनवत होती, आणि डिसेंबर २०१३ मध्ये ब्लॅकबेरीनं फॉक्सकॉन या तैवानच्या कंत्राटी कंपनीशी पाच वर्षांचा करार केला. चिपही घरची नव्हती, बोल्ड ९९०० मधली चिप क्वालकॉमची. म्हणजे अण्णा ज्याला 'त्यांच्या हातचा' समजत होते, त्याला बाहेरचे हात आधीच लागलेले होते.

२०१६ ला बदललं ते दुसरंच. तोवर बटण किती फुगीर असावं, पट्टी कुठं बसवावी, स्पीकर कुठल्या कडेला घ्यावा हे वॉटर्लूतली माणसं ठरवत होती. हात भाड्याचे असले तरी डोकं घरचं होतं. २०१६ ला डोकंही बाहेर गेलं. लोक 'आउटसोर्सिंग' या एकाच शब्दात हे दोन्ही कोंबतात आणि सगळा घोळ तिथून सुरू होतो.

तुमच्या हळदीचं काय, अण्णा?

इथं मित्रानं मर्मावर बोट ठेवलं. "अण्णा, तुमची राजापुरी हळद मुंबईच्या पाकिटात जाते तेव्हा वर कुणाचं नाव असतं?"

सांगलीची हळद कुठल्या कुठल्या नावानं विकली जाते याचा हिशेब नाही. शेतकरी पिकवतो, शिजवतो, वाळवतो. पॉलिश दुसरा करतो, दळतो तिसरा, पाकिटावर नाव चौथ्याचं. या धंद्यात तीन वेगळे व्यवहार चालतात आणि फोनच्या धंद्यातही तेच तीन आहेत.

पहिला मजुरीचा. पाकिटवाला म्हणतो, ही माझी हळकुंडं, इतकी बारीक दळायची, रंग असा हवा, मी वजन करून घेणार. गिरणीवाल्याला फक्त दळणावळ. ॲपलचं असंच आहे. आयफोनचं डिझाइन कॅलिफोर्नियात होतं, सुटे भाग कुठले घ्यायचे तेही ॲपल ठरवते, जुळणी फॉक्सकॉनसारखे करतात. तमिळनाडूत श्रीपेरुंबुदूरला फॉक्सकॉनचा कारखाना आहे. कर्नाटकात कोलार जिल्ह्यातला विस्ट्रॉन या तैवानच्याच कंपनीचा कारखाना २०२३ मध्ये टाटांनी घेतला, तिथंही आयफोन बनतात. आयफोन घेताना 'हा तर फॉक्सकॉनचा' म्हणून कुणी डबा परत सरकवत नाही. अण्णांचा जावईही सरकवत नाही, हे मित्रानं लगेच काढलं.

दुसरा तयार मालाचा. गिरणीवाल्याकडं पावडर तयार आहे, पाकिटवाला चव बघतो, थोडा फेरफार सांगतो आणि आपल्या नावाच्या पिशवीत भरून घेतो. तयार डिझाइन विकणाऱ्या या कंपन्यांना फोनच्या धंद्यात ओडीएम म्हणतात. ब्लॅकबेरीनं जुलै २०१६ मध्ये, म्हणजे त्या घोषणेच्या दोन महिने आधी, डीटेक ५० नावाचा फोन काढला. तो टीसीएल या चिनी कंपनीच्या अल्काटेल आयडॉल ४ या फोनवर बेतलेला होता. सॉफ्टवेअर आणि सुरक्षा ब्लॅकबेरीची, अंग दुसऱ्याचं. बटणं नाहीत. बटणांसाठी जीव टाकणाऱ्यांना तो बघून काय वाटलं असेल?

तिसरा व्यवहार नावाच्या भाड्याचा, आणि हा नीट समजून घेण्यासारखा आहे. पाकिटवाला म्हणतो, मी आता दुकान बंद करतो, पण माझं नाव बाजारात चालतंय. तू माझ्या नावानं हळद विक, खरेदी तुझी, दळण तुझं, उधारी-वसुली तुझी, मला पाकिटामागं रॉयल्टी दे. याला लायसन्स म्हणतात. डिसेंबर २०१६ मध्ये ब्लॅकबेरीनं टीसीएलशी असा करार केला. इंडोनेशिया त्यातून वगळला होता आणि आपला भागही. भारत, श्रीलंका, नेपाळ, बांगलादेशचे हक्क पुढं ऑप्टिमस या भारतीय कंपनीला मिळाले.

म्हणून २०१७ मध्ये अण्णांनी ३९,९९० रुपयांचा ब्लॅकबेरी कीवन घेतला तेव्हा मजा झाली होती. बटणांचा फोन परत आला, स्पेसबारच्या बटणातच अंगठ्याचा ठसा घ्यायची सोय. नाव कॅनडाचं, फोन जगात आणला टीसीएलनं, आणि आपल्याकडं विकायचा तो बनवला ऑप्टिमसनं नोएडात. अण्णांना हे वर्षभरानं डबा बघून कळलं. तोवर ते यार्डात सगळ्यांना 'कॅनडाचा माल' म्हणून दाखवत होते.

नोकियाचंही तसंच. आपल्याकडं उसाला पाणी द्यायची पाळी रात्री आली की नोकिया ११०० ची बॅटरी कामाला यायची. फोन तोंडात धरून पाण्याची दारं मोडणारी माणसं मी बघितली आहेत. २००३ साली आलेला तो फोन जगात २५ कोटींहून जास्त विकला गेला. नोकियानं फोनचा धंदा एप्रिल २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टला दिला, श्रीपेरुंबुदूरचा नोकियाचा कारखाना त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये थांबला. नंतर नोकियाचं नाव लायसन्सवर एचएमडी ग्लोबलला मिळालं. ही फिनलंडचीच कंपनी, नोकियातल्या जुन्या माणसांची, पण फोन बनवणारी कंपनी फॉक्सकॉनच्या घरातली. २०१७ ला नोकियाचा जुना ३३१० परत आला, आपल्याकडं किंमत ठेवली ३,३१० रुपये. लोकांनी आठवणीपोटी घेतला. मीही घेतला, आणि दोन महिन्यांत आईला देऊन टाकला.

कंपनी आपलं घर का मोडते?

अण्णांचा समज असा की हाव सुटली म्हणून. माझ्या मते उलटं आहे, हाव असती तर चालू ठेवलं असतं.

फोन बनवण्यात मोठा खर्च पहिल्या फोनचा असतो. साचे, चाचण्या, वेगवेगळ्या देशांच्या मंजुऱ्या, शेकडो इंजिनिअरांचे पगार. हा खर्च एक कोटी फोनांवर वाटला तर जाणवत नाही, चार लाखांवर वाटला तर मारून टाकतो. २०१६ मध्ये ब्लॅकबेरी तिमाहीला जेमतेम चार-पाच लाख फोन विकत होती. दहा पोती हळदीसाठी स्वतःचा पॉलिशचा ड्रम कोण घेईल?

दुसरी भीती पडून राहिलेल्या मालाची. हे अण्णांना सांगायला लागलं नाही, भाव पडल्यावर गोडाऊनमधली पोती बघून झोप उडालेला माणूस आहे तो. सुटे भाग कित्येक महिने आधी मागवावे लागतात आणि फोन चालला नाही तर ते भंगार. २०१३ मध्ये ब्लॅकबेरीचा झेड १० हा फोन बाजारात पडला. त्या एका तिमाहीत न विकलेल्या मालापोटी कंपनीनं सुमारे ९३ कोटी डॉलर तोट्यात दाखवले. एवढा फटका खाल्लेली कंपनी पुन्हा गोडाऊन भरायला कचरणारच. लायसन्समध्ये गोडाऊन दुसऱ्याचं असतं.

तेव्हाचे प्रमुख जॉन चेन यांनी मग सॉफ्टवेअरवर भर दिला. ब्लॅकबेरीनं २०१० मध्येच घेतलेल्या क्यूएनएक्स या सॉफ्टवेअरवर आज कोट्यवधी मोटारगाड्यांमधल्या यंत्रणा चालतात. म्हणजे धंद्याच्या बाजूनं बघितलं तर निर्णय बरोबर निघाला. गिऱ्हाइकाच्या बाजूनं बघायचं तर अजून बरंच बोलायचं आहे.

"पण नाव त्यांचं आहे, म्हणजे जबाबदारीही त्यांची ना?"

लग्नाचं जेवण आचाऱ्याला दिलं आणि आमटी खारट झाली, तर पाहुणे आचाऱ्याचं नाव काढत नाहीत. 'अमक्याच्या लग्नातली आमटी' असंच पिढ्यान् पिढ्या सांगतात. कायदाही जवळपास पाहुण्यांसारखाच विचार करतो.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये 'उत्पादक' कोण याची व्याख्या आहे. स्वतः वस्तू बनवणारा तर आलाच, दुसऱ्यानं बनवलेले भाग जुळवणाराही आला, आणि तिसरा, दुसऱ्यानं बनवलेल्या वस्तूवर आपलं चिन्ह लावणाराही आला. त्यामुळं मजुरीच्या किंवा तयार मालाच्या व्यवहारात ब्रँडवाला 'मी कुठं बनवला, कारखान्याला विचारा' असं म्हणून हात झटकू शकत नाही.

लायसन्समध्ये गुंता होतो. तिथं नावाचा मालक वेगळा आणि विकणारा वेगळा. वॉरंटी लिहून देतो तो लायसन्सवाला, डब्यावर पत्ता त्याचा, तक्रारीचा नंबर त्याचा. गिऱ्हाइकानं दावा मांडायचा तो आधी त्याच्यावर. मूळ मालकाकडं पत्र पाठवून बहुधा सौजन्यपूर्ण उत्तर येतं, बाकी काही येत नाही. निष्ठावान गिऱ्हाईक इथंच ठेचकाळतं: त्याची निष्ठा एकाशी, व्यवहार दुसऱ्याशी.

तक्रार करायला नोएडाला जावं लागत नाही. २०१९ च्या कायद्यानं राहत्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, सांगलीकराला सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात. वस्तूसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर फी नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून बघावा, बऱ्याचदा तेवढ्यावर कंपनी हलते.

माझा स्वतःचा अनुभव मात्र कायद्याच्या आधीच्या पायरीवर अडला. एका फोनचा स्पीकर गेला, वॉरंटी होती. ब्रँडचं नाव नको. वेबसाइटवरच्या पत्त्यावर गेलो तर बोर्ड होता, शटर बंद, शेजारचा झेरॉक्सवाला म्हणाला, "दिवाळीपासून नाहीत ती पोरं." दुसरं केंद्र पुण्यात. स्पीकर साडेतीनशेचा, एसटीचं जाऊन येऊन भाडं त्याहून जास्त. त्या फोनची कंपनी सगळं घरीच बनवत होती हो! म्हणजे कारखाना कुणाचा यावरून सेवा कशी मिळेल ते ठरत नाही.

चीनमध्ये बनला, तर आतलं सगळं त्यांना दिसणार?

ब्लॅकबेरीचं नावच सुरक्षेवर उभं होतं, त्यामुळं तिच्या गिऱ्हाइकांची ही शंका सगळ्यात मोठी.

फोन चालू होताना अगदी पहिला छोटा प्रोग्रॅम चिपमध्येच कोरलेला असतो, तो पुसता येत नाही. तो पुढच्या प्रोग्रॅमवरची डिजिटल सही तपासतो, तो त्याच्या पुढच्याची, असं करत करत पूर्ण सिस्टीम उभी राहते. कुठंही सही जुळली नाही की फोन पुढं सरकत नाही. वखारीत प्रत्येक दाराचं सील तपासूनच पुढचं दार उघडायचं, तसं. सही करण्याची गुप्त किल्ली मूळ कंपनीनं स्वतःकडं ठेवली, तर कारखान्याला आपलं सॉफ्टवेअर घुसवणं फार अवघड जातं. ब्लॅकबेरीनं टीसीएलशी करार करताना सॉफ्टवेअर आणि सुरक्षेचं काम आपल्याकडं ठेवलं ते यासाठीच.

हे अभेद्य आहे असं मी म्हणणार नाही. चिपच्या पातळीवरच खोडा घातला तर तो शोधणं महाकठीण. पण तो धोका जवळपास सगळ्याच फोनांना आहे, कारण सगळ्यांचेच भाग दहा देशांतून येतात. आणि खरं सांगायचं तर आपल्यापैकी बहुतेकांची माहिती कारखान्यातून नाही, आपणच 'परवानगी द्या' दाबलेल्या ॲपमधून बाहेर जाते.

जवारी कोण काढणार?

मिरजेच्या तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्याचा भोपळा मिरजेत पिकत नाही, पंढरपूरकडून येतो. तारा बाहेरच्या. म्हणून तंबोरा मिरजेचा नाही असं कुणी म्हणेल का? घोडीवर बारीक घासून, तार टेकवून, ऐकून, परत घासून जवारी, म्हणजे तारेचा घुमारा, काढतात, तेव्हा ते लाकूड बोलायला लागतं. आणि जवारी एकदा काढून भागत नाही. वाजवून वाजवून ती उतरते, मग तंबोरा परत कारागिराकडं न्यावा लागतो.

फोनची जवारी म्हणजे सॉफ्टवेअर अपडेट. नवी चोरवाट सापडली की ती बुजवायची, नवं अँड्रॉइड आलं की बसवून द्यायचं. ते थांबलं की फोन बाहेरून ठणठणीत असला तरी बँकेची ॲप हळूहळू नकार द्यायला लागतात. म्हणून मला 'कुणी बनवला' यापेक्षा 'पुढची चार वर्षं जवारी कुणाच्या अंगावर आहे' हा प्रश्न मोठा वाटतो. लायसन्सच्या फोनमध्ये नेमकी इथंच मेख आहे. नाव भाड्यानं असतं, भाडेकरार कधीतरी संपतो, आणि ती तारीख डब्यावर छापलेली नसते.

टीसीएलनं फेब्रुवारी २०२० मध्ये जाहीर केलं की ३१ ऑगस्ट २०२० नंतर आम्ही ब्लॅकबेरीचे फोन विकणार नाही. आपण विकलेल्या फोनांना दोन वर्षं सेवा देऊ असंही सांगितलं, ते बरं केलं. त्याच ऑगस्टमध्ये ऑनवर्डमोबिलिटी नावाच्या कंपनीनं बटणांचा ५जी ब्लॅकबेरी आणायची घोषणा केली. चाहते पुन्हा आशेला लागले. फेब्रुवारी २०२२ मध्ये ती कंपनी एकही फोन न काढता बंद झाली.

आणि आता अण्णांना जे मी सांगितलं आणि ज्यावर ते दोन मिनिटं गप्प बसले, ते. ४ जानेवारी २०२२ ला ब्लॅकबेरीनं आपल्या जुन्या सिस्टीमच्या सेवा बंद केल्या. ७.१ ही आवृत्ती आणि त्याआधीच्या, शिवाय ब्लॅकबेरी १०. त्या फोनांवर कॉल, मेसेज, इंटरनेट कशाचीच खात्री राहणार नाही असं तिनंच कळवलं. म्हणजे बोल्ड गेला. ज्याचं डोकं वॉटर्लूचं होतं तो. अँड्रॉइडवर चालणाऱ्या फोनांना मात्र या बंदची झळ नव्हती. टीसीएलनं आणलेला, नोएडात बनलेला, अण्णांनी मनातल्या मनात 'डुप्लिकेट' ठरवलेला कीवन चालू राहिला.

"म्हणूनच दिवाणजीचा अजून वाजतोय व्हय," अण्णा म्हणाले. कीवन त्यांनी दिवाणजीला देऊन टाकला होता.

डबा वाचायचाच असेल तर

अण्णांची डबा उलटा करायची सवय चांगली आहे, फक्त वाचायची ओळ वेगळी. डब्यावर बीआयएसच्या, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोच्या, खुणेजवळ 'आर' अक्षरानं सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. सरकारच्या बीआयएस केअर ॲपमध्ये तो टाकला की कारखान्याचं नाव आणि पत्ता दिसतो, कारण ही नोंदणी कारखान्यागणिक होते. मित्रानं एकाच ब्रँडचे दोन फोन काढून दोन्हींचे क्रमांक टाकून दाखवले. दोन कारखाने, दोन राज्यं. किमतीत पाचशेचा फरक आणि नाव तेच.

ते बघून झाल्यावर अण्णांनी सरकवलेला डबा पुन्हा ओढून घेतला.

"याला अपडेट किती वर्षं देणार म्हणालास?"

"चार वर्षं लिहून दिलंय, अण्णा."

"आणि सर्व्हिस सेंटर?"

"सांगलीत आहे. मी काल फोन करून बघितलाय, उचलतात."

अण्णांनी बोटांवर हिशेब केला. "म्हणजे माझ्या सत्तरीपर्यंत. बरं." मग एक चष्मा काढून दुसरा लावला, नव्या फोनची गुळगुळीत काच अंगठ्यानं दोनदा चाचपली, जिथं बटणं असायची तिथं. "कव्हर फुकट देणार का, ते सांग आधी."